बंदुकीची रुजवात

अंबाजोगाईचे कागदोपत्री नाव निजामी अमलात मोमिनाबाद होते, आणि माझ्या लहानपणी, म्हणजे तो अंमल संपून पंधरा-सोळा वर्षे उलटल्यावरही, जुन्या पिढीच्या तोंडी ते नाव अधूनमधून येई. विशेषतः ज्यांनी तहसिलीत किंवा न्यायकचेरीत उर्दू दफ्तर सांभाळले होते त्यांना, गाव अंबाजोगाई पण कचेरी मोमिनाबादची, असे बोलण्याची सवयच जडली होती. आमच्या शेजारी राहणारे पेशकारकाका त्यांपैकी एक. ऐन तारुण्यात ते तहसिलीत चिकटले, पोलीस कारवाईनंतर नव्या राज्यातही त्याच खुर्चीवर राहिले, आणि पुढे निवृत्त झाल्यावरही कागद हातात पडला की आधी मोहर, मग तारीख, मग आवक-क्रमांक आणि सर्वांत शेवटी मजकूर वाचण्याची त्यांची रीत सुटली नाही. योगेश्वरीच्या देवळाकडून परतताना आम्ही मुले त्यांच्या ओट्यावर टेकत असू, आणि ते रझाकारीच्या दिवसांतल्या हकिकती सांगत असत.

त्यांतली एक हकिकत ते हटकून एका प्रश्नापाशी आणून सोडत. "रात्रीची विमानं यायची म्हणे बीदरला, कराचीहून. बंदुकांच्या पेट्याच्या पेट्या. पण बाबांनो, माल उतरला म्हणजे पोच कुणीतरी दिलीच असंल ना? ती पोच कोणत्या दफ्तरात गेली?" आम्हांला विमानात रस होता, बंदुकांत होता, अंधारात उतरणाऱ्या वैमानिकात होता, पोचपावतीत नव्हता. एका देशातून निघालेले शस्त्र दुसऱ्या देशात नेमके कोणाच्या हाती पडले, हे कोणी पाहायचे आणि कोठे लिहून ठेवायचे, या ज्या प्रश्नापाशी आज जगातली मोठमोठी सरकारे अडखळत आहेत, तोच प्रश्न मोमिनाबाद तहसिलीतला एक पेशकार आपल्या धंद्याच्या भाषेत विचारीत होता, हे माझ्या लक्षात येण्यास पुष्कळ वर्षे जावी लागली.

काकांनी ऐकलेली वार्ता खोटी नव्हती. त्या वैमानिकाचे नाव सिडनी कॉटन. १८९४ साली ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडमध्ये जन्मलेला हा गृहस्थ पहिल्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाचा वैमानिक होता. उंचावरच्या थंडीत टिकाव धरणारा, पुढे 'सिडकॉट' या नावाने ओळखला गेलेला उड्डाणाचा पोशाख त्यानेच तयार केला. आणि दुसरे महायुद्ध सुरू होण्याच्या सुमारास ब्रिटिश हेरखात्यासाठी आकाशातून जर्मनीची छायाचित्रे टिपण्याचे काम त्याने इतक्या कुशलतेने केले की त्या शास्त्राच्या प्रवर्तकांत त्याची गणना होते. १९४८ मध्ये त्याने लँकॅस्टर बाँबफेकी विमानाचे मुलकी रूप असलेली लँकॅस्ट्रियन विमाने मिळविली आणि कराचीहून निघून, भारताची हद्द रात्रीच्या अंधारात ओलांडून, बीदर, वरंगळ आणि हकीमपेठ येथील धावपट्ट्यांवर शस्त्रे व दारूगोळा उतरविण्यास आरंभ केला. अंबाजोगाईच्या माणसाला बीदर काही परमुलूख नव्हे. लातूर मागे पडले, उदगीर ओलांडले, की बीदरचा किल्ला दिसू लागतो. आमच्याकडच्या कित्येक सोयरिकी त्या वाटेने जुळलेल्या आहेत.

हैदराबादचे सरकार त्या वेळी दुहेरी पेचात होते. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी निजामाने भारत सरकारशी एका वर्षाचा 'जैसे थे' करार केला होता, आणि त्यान्वये परराष्ट्र संबंध, संरक्षण व दळणवळण या बाबतींतली पूर्वीची व्यवस्था तशीच चालावयाची होती; म्हणजे परस्पर परदेशातून शस्त्रे मागविण्याचा अधिकार, दिल्लीच्या दृष्टीने, त्या सरकारला नव्हताच. उलट पंतप्रधान मीर लायक अली यांचे मंत्रिमंडळ स्वतःला एका स्वतंत्र राज्याचे सरकार मानीत होते. यावरून जी गोष्ट स्पष्ट होते ती शस्त्रव्यापाराचा विचार करणाऱ्याने कधी विसरू नये: ग्राहक कायदेशीर आहे की नाही, याचे उत्तर कोणाला विचारता यावर अवलंबून असते. कराचीत विचाराल तर पेट्या एका राज्याच्या लष्कराकडे चालल्या होत्या. दिल्लीत विचाराल तर ती उघड चोरटी आयात होती. आणि मराठवाड्यातल्या ज्या खेड्यावर रात्री रझाकारांची टोळी चालून येई, तेथल्या माणसाला विचाराल तर सरकारी कोठारातली बंदूक आणि टोळीच्या खांद्यावरची बंदूक यांतले अंतर केव्हाच मिटून गेले होते. लातूरचा वकील कासीम रझवी याच्या या रझाकार संघटनेत सुमारे दोन लाख माणसे होती असे म्हणतात. त्यांपैकी जेमतेम चौथाईपाशी आधुनिक बंदुका होत्या आणि बाकीच्यांपाशी ठासणीच्या बंदुका व तलवारी. हे प्रमाण ऐकून कोणी हायसे वाटून घेऊ नये. ज्या गावात एकही बंदूक नाही त्या गावाला एकच बंदूक पुरते.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ तारखेला निजामाने शस्त्रे खाली ठेवली. पुढे इंग्लंडमध्ये कॉटनवर खटला झाला, आणि त्यात त्याला २०० पौंड दंड झाला. हा दंड हवाई वाहतुकीच्या नियमांच्या उल्लंघनाबद्दल होता. विमान कोठून उडाले, कोणत्या परवान्यावर उडाले, याची चौकशी करणारा कायदा अस्तित्वात होता. विमानातल्या पेट्या कोणी उतरवून घेतल्या आणि त्या पुढे कोणाच्या झाल्या, हा त्या खटल्याचा विषय नव्हता. पेशकारकाकांची पोच कोणत्याच दफ्तरात नव्हती.

एकच शस्त्र हातात घेऊन त्याची ओळख पटविणे म्हणजे काय, हे मी जवळून पाहिले ते १९९५ च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी. काकांच्या घरी त्यांच्या वडिलांच्या वेळची एक दुनळी बारा बोअरची बंदूक होती. रानडुकरांपासून पिकाच्या रक्षणासाठी म्हणून तिचा परवाना मिळाला होता, आणि निवडणुका आल्या की परवानाधारकांनी शस्त्रे ठाण्यात जमा करावीत असे फर्मान निघे, त्याप्रमाणे ती जमा करण्यास ते निघाले. वय सत्तरीच्या पुढे गेलेले, म्हणून बंदुकीचे कव्हर मी खांद्यावर घेतले. ठाण्यातल्या हवालदाराने बंदूक कव्हरातून काढली, मधे मोडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री केली, आणि मग खिशातल्या फडक्याने नळीच्या बुडाशी साचलेले जुने तेल पुसून, ती उजेडाकडे तिरपी धरून, कोरलेला क्रमांक एकेक आकडा करून मोठ्याने वाचला. टेबलाशी बसलेल्या दुसऱ्या शिपायाने परवान्याच्या पुस्तिकेतील क्रमांकावरून बोट फिरविले. दोघांचे जुळले तेव्हा रजिस्टरात नोंद झाली, काकांची सही झाली, आणि त्यांना पोच मिळाली. परतीच्या वाटेवर काका म्हणाले, "याला रुजवात म्हणतात. कागद आणि वस्तू समोरासमोर बसवायची. नुसत्या कागदाची कागदाशी केली तर ती रुजवात नव्हे, ती नक्कल."

रुजवात हा आपल्या जुन्या दफ्तरांतला किती नेमका शब्द आहे! पडताळणी म्हटले की हिशेब डोळ्यांसमोर येतो, शहानिशा म्हटले की वाद. रुजवात म्हणताना मात्र दोन पक्ष एकमेकांच्या तोंडाकडे पाहत उभे आहेत असे चित्र उमटते.

परदेशी जाणाऱ्या शस्त्राची रुजवात कशी व्हावी, याची रीत आता पुष्कळ अंशी ठरून गेली आहे. एखाद्या कारखान्याकडे दूरच्या देशातील बंदूक-विक्रेत्याची मागणी आली, तर कारखान्याने ती आपल्या सरकारपुढे ठेवावयाची; विक्रेत्याने आपल्या देशाचा व्यापार-परवाना व आयातीची मंजुरी जोडावयाची; माल सैन्यासाठी किंवा पोलिसांसाठी असेल तर त्या सरकारने, हा माल आमच्याच वापरासाठी आहे आणि तुमच्या लेखी संमतीवाचून आम्ही तो पुढे कोणाला देणार नाही, असे हमीपत्र द्यावयाचे. या हमीपत्रालाच अंतिम वापरकर्त्याचे प्रमाणपत्र म्हणतात, आणि आंतरराष्ट्रीय शस्त्रव्यापाराची सारी इमारत या एका कागदावर तोललेली आहे. त्यावरची सही खरी आहे का, मोहर चालू खात्याची आहे का, सही करणारा अधिकारी त्या पदावर आहे का, हे निर्यातदार देशाच्या वकिलातीने तेथल्या तेथे विचारून घ्यावे. विक्रेत्याच्या पत्त्यावर खरोखर दुकान आहे की केवळ माल पुढे धाडणाऱ्या अडत्याची कोठी, हे कोणी जाऊन पाहावे. मागणी त्या दुकानाच्या आवाक्याला शोभेशी आहे का, याचा विचार करावा. वर्षाकाठी पाच-पन्नास बंदुका विकणारा दुकानदार एकाएकी हजार पिस्तुले मागू लागला, मालाची फारशी चौकशी न करता रोख रक्कम मोजण्यास तयार झाला, किंवा जेथे माल जावयाचा त्या गावाच्या उलट दिशेचा जलमार्ग त्याने सुचविला, तर कोणताही अनुभवी जकातदार तेथेच थबकेल.

संयुक्त राष्ट्रांनी २००१ मध्ये स्वीकारलेल्या आणि २००५ मध्ये अमलात आलेल्या शस्त्रविषयक प्रोटोकॉलात यातल्या बहुतेक गोष्टी कायद्याच्या भाषेत आल्या आहेत. प्रत्येक बंदुकीवर निर्मात्याचे नाव, देश आणि क्रमांक कोरलेला असावा. आयात करणाऱ्या देशाने आपले नाव व आयातीचे वर्ष तिच्यावर उमटवावे. नोंदी किमान दहा वर्षे जतन कराव्यात. आयातदार देशाची मंजुरी आणि ज्या देशांतून माल जाणार त्यांची हरकत नाही हे समजल्यावाचून निर्यातीचा परवाना देऊ नये. आणि निर्यातदार देशाने विचारल्यास, माल मिळाला, असे आयातदार देशाने कळवावे. यांतील शेवटचे कलम म्हणजेच पोच. मात्र 'विचारल्यास' हा शब्द मला प्रत्येक वेळी खटकतो. पोच मागावी लागते तेथे ती न मागण्याचीही मोकळीक असते.

ही चिंता आजची नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभी इराणच्या आखातातून, मस्कतच्या बंदरातून, युरोपात बनलेल्या बंदुका मकरानच्या किनाऱ्यावर आणि तेथून वायव्य सरहद्दीकडे जात. त्या व्यापाराला आळा घालण्यासाठी १९१२ मध्ये मस्कतच्या सुलतानाने सरकारी वखार उघडली: आलेली प्रत्येक बंदूक तीत जमा व्हावी, तिची नोंद व्हावी, आणि परवाना दाखविल्याखेरीज ती बाहेर पडू नये. ती वखार आणि आमच्या ठाण्यातले ते रजिस्टर ही एकाच बुद्धीची दोन रूपे आहेत.

परंतु कागद सर्वतोपरी पुरा असूनही वस्तू भलतीकडे जाते. १९९५ च्या फेब्रुवारीत काकांची बंदूक ठाण्यात जमा झाली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात, १७ तारखेच्या रात्री, बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यातील खेड्यांवर एका आंतोनोव विमानातून छत्र्यांना बांधलेल्या पेट्या पडल्या. सकाळी शेतावर निघालेल्या लोकांना धानाच्या खाचरांत एके-४७ बंदुका आणि काडतुसे विखुरलेली सापडली. बंदुका शेकड्यांनी होत्या आणि काडतुसे लाखांनी. हा माल बल्गेरियात खरेदी झाला होता आणि काळ्या समुद्राच्या काठच्या बुर्गास येथून तो विमानात चढला होता. विमान वाटेत कराचीला थांबले, पुढे वाराणसीला इंधन भरून घेतले, आणि तेथून निघाल्यावर पुरुलियावर खाली येऊन त्याने आपले ओझे टाकले. बल्गेरियात जो कागद दाखविण्यात आला होता त्यावर ग्राहक म्हणून बांगलादेशाचे नाव होते. बांगलादेशाने असली कोणतीही मागणी केलेली नव्हती.

या प्रकरणात महाराष्ट्राचाही एक धागा गुंतलेला आहे. माल टाकून विमान थायलंडला गेले आणि परतीच्या वाटेवर, चेन्नईहून कराचीकडे जात असता, भारतीय हवाई दलाने त्याला मुंबईच्या विमानतळावर उतरण्यास भाग पाडले. विमानात पीटर ब्लीच हा ब्रिटिश शस्त्रव्यापारी आणि लॅटव्हियातील पाच जणांचा चालकवर्ग होता, ते पकडले गेले. पण या उपद्व्यापाचा मुख्य सूत्रधार, किम डेव्ही या नावाने वावरणारा नील्स होल्क हा डेन्मार्कचा नागरिक, त्याच विमानतळावरून निसटला. २००० साली कोलकात्याच्या न्यायालयाने ब्लीच आणि चालकवर्गाला जन्मठेप दिली. त्याच वर्षी चालकवर्गाला व २००४ मध्ये ब्लीचला राष्ट्रपतींची माफी मिळाली. डेन्मार्क सरकार होल्कला भारताच्या स्वाधीन करण्यास राजी होते, पण भारतात त्याचा छळ होईल या भीतीपोटी तेथील न्यायालयांनी २०१० आणि २०११ मध्ये नकार दिला, आणि २०२४ मध्ये पुन्हा एकदा तसाच निकाल झाला.

या प्रकरणातील सर्वांत बोचणारी गोष्ट मला निराळीच वाटते. ब्लीचने या व्यवहाराची वार्ता ब्रिटिश अधिकाऱ्यांना आगाऊ दिली होती आणि ब्रिटनने ती भारताला कळविलीही होती. इत्तला मिळाली होती. तिची तामील वेळेवर झाली नाही. बल्गेरियातला कागद खोटा होता हे तर खरेच, पण ढाक्याला एक तार गेली असती आणि तिचे उत्तर हाती येईपर्यंत पेट्या बुर्गासच्या गोदामात पडून राहिल्या असत्या, तर पुरुलियाच्या शेतकऱ्याला त्या सकाळी आपल्या खाचरात केवळ धानच दिसले असते. ती बातमी वर्तमानपत्रात वाचून काकांनी मला हाक मारून विचारले होते, "ढाक्याला कुणी विचारलं का?" मी नाही म्हणालो. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

जे राष्ट्र नियमांच्या काटेकोरपणाबद्दल प्रसिद्ध आहे त्या जर्मनीतही हेच घडले. तेथील हेकलर उंड कोख या कंपनीने मेक्सिकोला जी-३६ जातीच्या हजारो रायफली विकल्या. मेक्सिकोतल्या काही राज्यांना, म्हणजे गेरेरो, चियापास, चिवावा आणि हालिस्को यांना, तेथल्या अत्याचारांमुळे शस्त्रे मिळू नयेत अशी जर्मन सरकारची भूमिका होती. तरीही रायफली त्या राज्यांत पोचल्या. २०१४ च्या सप्टेंबरात गेरेरोतील इग्वाला येथे शिक्षक-विद्यालयाचे ४३ विद्यार्थी नाहीसे झाले तेव्हा तेथल्या पोलिसांपाशी याच बंदुका आढळल्या. श्टुटगार्टच्या न्यायालयाने २०१९ मध्ये कंपनीच्या दोन माजी कर्मचाऱ्यांना दोषी ठरविले आणि कंपनीकडून ३७ लाख युरो वसूल करण्याचा हुकूम दिला. परवाने मिळविताना दिलेली अंतिम-वापराची पत्रे खोटी होती, हे त्या निकालाचे मर्म. त्याच वर्षी कील येथील न्यायालयापुढे दुसरे प्रकरण आले: झिग झावर या कंपनीची ३८ हजारांहून अधिक पिस्तुले कागदोपत्री अमेरिकेसाठी म्हणून निघाली होती आणि गेली कोलंबियाच्या पोलिसांकडे. ती अमेरिकेत खरोखर पोचलीही होती. पहिली पोच खरी होती. पहिल्या पोचेपाशी हिशेब थांबला, एवढेच.

अशी फसगत टाळण्यासाठी काही देशांनी जागेवर जाऊन पाहण्याची पद्धत पत्करली. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची 'ब्लू लँटर्न' ही व्यवस्था १९९० पासून चालते. परवाना देण्यापूर्वी आणि माल पोचल्यानंतरही वकिलातीतील माणसे विक्रेत्याच्या पत्त्यावर जाऊन दुकान पाहतात, साठ्याची वही तपासतात, क्रमांक मोजतात. जर्मनीने २०१५ मध्ये माल पोचल्यानंतरच्या तपासणीचा उपक्रम मंजूर केला, आणि २०१७ मध्ये अशा पहिल्या तपासणीसाठी जर्मन अधिकारी जेथे गेले तो देश होता भारत. आपल्या देशाला विकलेल्या बंदुका आपल्याच देशात आहेत की नाहीत, हे पाहण्यास परके अधिकारी येतात, हा आपल्या सार्वभौमत्वाचा अवमान आहे असे कोणास वाटेल. मला तसे वाटत नाही. ज्याच्या घरी चोरीचे काही नाही त्याला झडतीची भीती नसते, आणि ज्या राष्ट्रावर १९४८ मध्ये बीदरला व १९९५ मध्ये पुरुलियाला असल्या चोरट्या शस्त्रांचे आघात झाले, त्याने तर अशा तपासणीचे स्वागतच करावे.

आता आपण स्वतः विक्रेते झालो आहोत, म्हणून हा प्रश्न मला अधिक जवळचा वाटतो. महाराष्ट्रात खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून चालू आहे. जळगाव जिल्ह्यात वरणगाव, तसेच भंडारा, चांदा, अंबाझरी, देहूरोड येथे असे कारखाने आहेत. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ मोडून ज्या सात सरकारी कंपन्या झाल्या, त्यांपैकी दारूगोळ्याच्या कंपनीचे मुख्यालय पुण्यातच आहे. देशाची संरक्षण निर्यात २०१३-१४ मध्ये ६८६ कोटी रुपयांची होती. २०२४-२५ मध्ये ती २३,६२२ कोटींवर गेली. यात वरणगावच्या एखाद्या कामगाराच्या घामाचा वाटा आहे, आणि त्याचा अभिमान वाटणे योग्यच आहे. परंतु त्याने भरलेल्या पेटीवर जो पत्ता लिहिला गेला, तेथे ती पेटी उघडली गेली का, हे कोण सांगणार?

कायदा आपल्याकडे नाही असे नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या दहाव्या कलमान्वये परवान्यावाचून शस्त्रांची आयात-निर्यात करता येत नाही. युद्धसामग्रीच्या निर्यातीसाठी निर्यात-नियंत्रणाच्या 'स्कोमेट' यादीच्या सहाव्या वर्गाखाली रक्षा उत्पादन विभागाची मंजुरी लागते, अंतिम वापराचे प्रमाणपत्र लागते, आणि परराष्ट्र खात्याचा सल्ला घेतला जातो. २०१७ च्या डिसेंबरात भारत शस्त्रनिर्यातीच्या नियंत्रणासाठी असलेल्या वासेनार व्यवस्थेचा सदस्य झाला. संयुक्त राष्ट्रांचा शस्त्रव्यापार करार २ एप्रिल २०१३ रोजी १५४ मतांनी संमत झाला तेव्हा मात्र भारत तटस्थ राहिला; शस्त्रे विकणाऱ्या देशांच्या हाती एकतर्फी अधिकार जातात, अशी आपली तक्रार होती. त्या वेळी आपण प्रामुख्याने विकत घेणारे होतो आणि त्या तक्रारीत तथ्य होते. आज आपण दुकानाच्या आतल्या बाजूस उभे आहोत. २०२४ च्या सप्टेंबरात एका आंतरराष्ट्रीय वृत्तसंस्थेने बातमी दिली की भारतातून युरोपीय ग्राहकांना विकलेले तोफगोळे पुढे युक्रेनकडे गेले. परराष्ट्र खात्याने ते वृत्त तर्कावर आधारलेले व दिशाभूल करणारे असल्याचे सांगितले आणि आपण सर्व आंतरराष्ट्रीय बंधने पाळीत आल्याचे बजावले. एकाने म्हणावे गेले, दुसऱ्याने म्हणावे नाही, यावर तोडगा एकच असतो: आपल्या वकिलातीतल्या लष्करी अधिकाऱ्याने ग्राहकाच्या कोठारात जाऊन, पेट्यांवरचे क्रमांक वाचून, स्वतःच्या सहीचा कागद दिल्लीस धाडावा. आपल्या निर्यातीच्या व्यवस्थेत हा शेवटचा कागद सक्तीचा व्हावा, तो मागितल्यावर नव्हे तर न मागताच यावा, आणि तो येईपर्यंत त्याच ग्राहकाची पुढली मागणी मंजूर होऊ नये, असे माझे आग्रहाचे मत आहे. यास खर्च येईल, विलंब होईल, काही ग्राहक दुसऱ्या दुकानात जातील. जाऊ द्यावेत.

हे मी बीड जिल्ह्यात बसून लिहितो आहे, आणि आमच्या जिल्ह्याला बंदूक ही दूरची वस्तू राहिलेली नाही. अंबाजोगाईच्या शेजारच्या केज तालुक्यात, मस्साजोग येथे, डिसेंबर २०२४ मध्ये सरपंच संतोष देशमुख यांची निर्घृण हत्या झाली. त्या हत्येत बंदूक नव्हती, पण तिच्यानंतर जिल्ह्यात किती जणांच्या कमरेला परवान्याचे पिस्तूल आहे, ते कशासाठी मिळाले, आणि समारंभात हवेत गोळीबार करणाऱ्यांना ते कोणी दिले, हे प्रश्न एकदम ऐरणीवर आले. पुढील काही महिन्यांत परवान्यांची फेरतपासणी होऊन शंभराहून अधिक परवाने रद्द झाले. आत्मरक्षणासाठी म्हणून ज्या कागदांवर ती पिस्तुले मिळाली होती, ते कागद दफ्तरात जागच्या जागी होते.

पेशकारकाका वारले त्याला आता बरीच वर्षे झाली. त्यांच्या मुलाला बंदूक ठेवावयाची नव्हती. ती विधिवत अधिकृत विक्रेत्याच्या स्वाधीन करावी आणि परवाना परत करावा, असे त्याने ठरविले, आणि मी पूर्वीप्रमाणेच कव्हर खांद्यावर घेऊन त्याच्याबरोबर ठाण्यात गेलो. रुजवातीला बसलेला शिपाई तरुण होता. त्याने नळी पुसली, क्रमांक वाचला, पुस्तिका पाहिली, पुन्हा वाचला, आणि थांबला. पुस्तिकेचे नूतनीकरण होताना कोणाच्या तरी हातून नक्कल करण्यात चूक झाली होती: लोखंडावर मधला आकडा तीन होता, कागदावर आठ. इतक्या वर्षांत ती कोणाच्या ध्यानात कशी आली नाही, हे कोणी सांगू शकले नाही. जमा करतेवेळी दर खेपेस मोठ्याने वाचला गेलेला तो आकडा ऐकणाऱ्याच्या बोटाखालून बहुधा तसाच निसटत गेला असावा.

बंदूक ठाण्याच्या कोठडीत राहिली. अर्ज झाला, जुनी मिसल शोधण्यात आली, जिल्ह्याच्या ठिकाणी दोन खेपा झाल्या, उर्दूतल्या मूळ परवान्याची नक्कल निघाली आणि तिचे मराठी भाषांतर प्रमाणित करून घ्यावे लागले. चार महिने लागले. काकांचा मुलगा वैतागला होता, त्याची नोकरी बाहेरगावी होती. मी त्याची समजूत घालीत होतो, पण मनातून मला त्या तरुण शिपायाबद्दल आदर वाटत होता. शेवटच्या दिवशी त्याने नळी पुन्हा उजेडाकडे धरली आणि आम्हां दोघांनाही जवळ बोलावून तो तीन दाखविला. झिजलेला होता, पण तीनच होता. मग त्याने पुस्तिकेतला आठ तांबड्या शाईने खोडला, वर तीन लिहिला, शेजारी सही केली, तारीख घातली, आणि पोच फाडून आमच्या हाती दिली.